दार फार विचारतं

॥ श्री ॥

पिंपरी,
१८ जून १९५७

ती. स्व. दादास,
शकूचा सा. न. वि. वि.

"तुझ्या दादाचं वाचनालय छान आहे गं, पण तिथलं दार फार विचारतं." आई एकदा असं बोलली होती. तुला ते ठाऊक नसणार. तू पेठेतल्या वाचनालयात नुकताच ग्रंथपाल झाला होतास आणि मी माहेरपणाला आले होते. आई तांदूळ निवडत बसली होती. दार काय विचारतं गं, असं मी हसून विचारलं, तर तिने सूप पाखडायला घेतलं आणि कोंड्याबरोबर तो विषयही उडून गेला. इतक्या वर्षांनी, इथल्या खिडकीशी बसले की तेच वाक्य येऊन माझ्या शेजारी बसतं. का, ते अजून उमगलेलं नाही.

माझी प्रकृती बरी आहे. तापाची साथ आमच्या चाळीवरून गेली, पण मला नुसती शिंकून गेली. कारखान्याच्या वसाहतीत घरांची आणखी एक ओळ उठली आहे. माझ्या एका अंगाला चाकणकडचं कुटुंब, दुसऱ्या अंगाला संगमेश्वरचं आणि समोर बीडचं. सकाळचा भोंगा झाला की तिन्ही घरांतून तीन तऱ्हांची मराठी एकदम बाहेर पडते.

तू दिलेल्या तिन्ही ट्रंकांतली पुस्तकं इथल्या वाचनालयात जाळीमागच्या कपाटांत लावली आहेत. तुझ्या अक्षरातल्या नियमांना आमचे चिटणीस यशवंतराव यांनी चौकट करून भिंतीवर टांगलं आहे. देवाच्या तसबिरीपेक्षा ती थोडी मोठीच आहे. संध्याकाळी पुरुषमंडळी येतात, वर्तमानपत्र वाचतात, भांडतात, खूश होऊन घरी जातात. तो वेळ कचेरीतले एक कारकून सांभाळतात. माझ्याकडे दुपारचा बायकांचा तास आहे, आणि तो ओस पडला आहे. बायका पायरीपर्यंत येतात, आत बघतात आणि परत फिरतात. काही तर दोन-दोनदा येऊन गेल्या.

यशवंतराव फार सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी सभ्यपणेच सांगितलं की दसऱ्यापर्यंत बायकांचा तास भरला नाही, तर आतली खोली कॅरमला द्यावी असं मंडळाच्या मनात आहे. तास गेला की माझं कामही गेलं आणि मी पुन्हा पुण्यात तुझ्याकडे. तुला त्याचं वाईट वाटणार नाही हे मी जाणून आहे. मला वाटेल, दादा. ह्यांच्या माघारी इतकी वर्षं मी कोणाच्या ना कोणाच्या मधल्या खोलीत राहिले. इथल्या खोलीला पहिल्यांदाच माझं कुलूप आहे.

म्हणून थोडे दिवस जाळीच्या बाहेर बसायचं ठरवलं आहे. बायका कुठे अडतात, ते आतून दिसत नाही.

औषध वेळेवर घे. रागावायचं असलं तरी पत्रातूनच रागाव, म्हणजे पत्र तरी येईल.

तुझी,
शकू

⁂

पुणे,
२७ जून १९५७

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पावले. औषध घेतो आहे. ते इतके कडू आहे की गुण येत असावा.

तू जाळीच्या बाहेर बसणार हे वाचून मौज वाटली. ग्रंथपाल बाहेर बसू लागला तर उद्या पुस्तके ओट्यावर येतील आणि बकरी आत जाईल. अगं, त्या बायका आत्ता शेतातून उठून आल्या आहेत. त्यांना चूल, पाणी आणि मुले यांतून सवड होऊ दे. वाचनाची गोडी हळूहळू लागते. काही सचित्र मासिके पाठवतो, ती दर्शनी ठेव. चित्र पाहायला आलेले माणूस कधीतरी अक्षर पाहते.

नियमांना मात्र हात लावू नकोस. ते मी हौसेने केलेले नाहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी पुस्तके उघड्यावर होती आणि ती पाखरांसारखी उडाली. कोणी नेले म्हणून विचारावे तर जो तो म्हणे, घरचेच कोणीतरी नेले असेल. तेव्हापासून घरटी एक खाते, ते कुटुंबप्रमुखाच्या नावावर, आणि पुस्तक नेणाऱ्याने ते नाव खिडकीशी स्पष्ट उच्चारायचे. कोणाच्या नावावर, एवढाच प्रश्न. त्या एका प्रश्नाने आमची कपाटे भरलेली राहिली.

आईचे ते वाक्य मला ठाऊक नव्हते. दार तिला काय विचारणार? तिच्या मुलाचेच दार होते ते.

तुझी वहिनी गेल्यापासून मधली खोली तशीच आहे. मी तिथे फक्त वाळवण ठेवतो, आणि तेही मला जमत नाही. यंदाचे लोणचे तू येऊन पाहावेस असे झाले आहे. खाण्याचा आग्रह नाही. दसऱ्याला जे व्हायचे ते होवो, तू उपरी नाहीस एवढे ध्यानात ठेव.

लोभ आहेच, तो दरवेळी मागून घ्यायची जरूर नाही.

तुझा,
दादा

⁂

॥ श्री ॥

पिंपरी,
३ ऑगस्ट १९५७

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं बकरीचं वाक्य मी शेजारच्या गवराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बकरी परवडली वो बाई, ती नाव तर इचारत न्हाई. पण हे शेवटचं आधी सांगून बसले. आता नीट लिहिते.

मी लसूण घेऊन ओट्यावर बसू लागले. सोलायला काही असलं की बायका आपोआप शेजारी टेकतात आणि हात लावतात. पहिल्यांदा मलाही तुझ्यासारखंच वाटलं होतं की यांना वाचता येत नसेल. पुष्कळजणींना येतही नाही. पण गवराबाई गुळाच्या पुडीचा कागद उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, पुढचा मजकूर फाटलेला असला तर वाण्याला शिव्या देतात, आणि त्या वाचत असल्या की चारजणी कान देऊन ऐकतात. म्हणजे भूक होती.

मग वाटलं, पायरीवर पुरुषांच्या वहाणा नि तंबाखू, त्याला बुजत असतील. मी बाक हलवून घेतला, पायरी धुऊन घेतली. बायका आत येऊ लागल्या, अगदी खिडकीपर्यंत आल्या. तू पाठवलेली मासिकं चाळली. आणि परत गेल्या.

बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र ध्यानात आली. पुस्तक घेऊन जाणाऱ्या ज्या मोजक्या होत्या, त्या जोडीने येत. जोडीतली एक आली नाही की दुसरी दारातूनच मागे वळे. मी म्हटलं, लाजत असतील, सोबत लागत असेल.

परवा नागपंचमी झाल्यावर गवराबाई एकट्याच आल्या. त्या दिवशी मी आत बसले होते. त्यांनी बोटाने एक पुस्तक दाखवलं. मी नियमाप्रमाणे विचारलं, कोणाच्या नावावर. त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या. मी म्हटलं, ह्यांचं नाव काय? तर म्हणाल्या, पोरीच्या बापाचं. मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि हसता हसताच पुस्तक न घेता पायऱ्या उतरल्या.

दादा, त्यांना नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. जोडीने येत त्या एवढ्याचसाठी. हिच्या नवऱ्याचं नाव तिने सांगायचं, तिच्या नवऱ्याचं हिने. गावात हे सहज भागतं, तिथे सगळ्यांना सगळ्यांची नावं ठाऊक. इथे संगमेश्वरच्या बाईला बीडच्या बाईचा नवरा कोण, हे कुठून माहीत असणार? शेजार होऊन चार महिनेही झालेले नाहीत. ज्यांना नाव सांगणारी मैत्रीण मिळाली त्यांना पुस्तक मिळालं. बाकीच्या तुझ्या त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबल्या.

मी हे गवराबाईंना बोलून दाखवलं, तर काल त्या सहासातजणींना गोळा करून आल्या. पुस्तक न्यायाला उखाणा घ्यायचा म्हंजी पुन्यांदा लगीनच लागलं म्हणायचं, असं म्हणत खिडकीशी उभ्या राहिल्या नि घेतलाच:

चाकणच्या वखारीत कांद्याच्या राशी,
सयाजीरावांचं नाव घेते जाळीच्या खिडकीपाशी.

केवढा हशा पिकला! मागून कोणीतरी म्हणालं, आता घास भरवा वो बाई पुस्तकाचा. मीही हसले. घरी आले आणि चूल पेटवताना एकदम आईचं ते दाराचं वाक्य आठवलं.

नानांचं नाव आईच्या तोंडून कधी ऐकलंस तू? मी नाही ऐकलं. आणि पेठेतल्या वाचनालयात आपल्या घराचं खातं नानांच्याच नावावर होतं. आई खिडकीशी गेली असेल. तू आत कुठेतरी असशील, दुसऱ्याच कोणी तिला विचारलं असेल, कोणाच्या नावावर. ती परत आली आणि तांदूळ निवडायला बसली.

मला स्वतःलाही हे उमगायला इतका वेळ लागावा, याचं नवल वाटतं. इथल्या कामाचा अर्ज भरताना कचेरीत मला ह्यांचं नाव विचारलं, तेव्हा मी ते कागदावर लिहून पुढे सरकवलं होतं. हातात लेखणी होती म्हणून माझं निभावलं.

माझं मागणं एवढंच. बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर खातं मिळावं. यशवंतरावांना मी विचारलं. ते म्हणाले, नियम तुमच्या दादांचे आहेत, पुस्तकंही त्यांनीच दिली आहेत, त्यांचं पत्र आणा म्हणजे दसऱ्याच्या सभेत मांडतो. तू चार ओळी लिहिशील ना?

वाट पाहते.

तुझी,
शकू

⁂

पुणे,
१० ऑगस्ट १९५७

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले.

आईला पुस्तक हवे असते तर तिने मला सांगितले असते. मी रोज संध्याकाळी घरीच येत होतो. तिला पोथ्या आणून देत होतो, चातुर्मासाची पुस्तके देत होतो, आणि तिने कधी नको म्हटले नाही. मुलाजवळ मागायला आईला खिडकी कशाला लागते? गवराबाईंच्या उखाण्यावरून तू जे उभे केले आहेस, ते मला पटलेले नाही.

ज्यांना नाव घेण्याची अडचण आहे त्यांनी घरून चिठ्ठीवर ते लिहवून आणावे. नियमही राहील आणि लाजही राहील. एका घरात दोन खाती झाली की पुस्तक हरवल्यावर तो तिच्याकडे बोट दाखवील आणि ती त्याच्याकडे. हे मी पाहिले आहे, तू पाहिलेले नाहीस.

यशवंतरावांना मी पत्र लिहिणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. इथे पाऊस बरा आहे.

दादा

⁂

॥ श्री ॥

पिंपरी,
६ सप्टेंबर १९५७

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

गौरी जेवून गेल्या. तुला आवडतो म्हणून घावन-घाटल्याचा बेत केला आणि तुझ्या वाटचंही मीच खाल्लं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठीचा प्रयोग केला. मी सगळं तुझ्याविरुद्धच करते असं तुला वाटू नये. चिठ्ठ्या आल्या. पण त्या लिहिणार कोण? नवरेच. त्यांनी नाव लिहिलं आणि हात लागलाच आहे तर खाली पुस्तकही लिहून टाकलं. एकाने लिहिलं, हिला स्वयंपाकाचे पुस्तक द्यावे. ती बाई कोकणातली, तिच्या हातचं खाऊन चाळ बोटं चाटते. ती चिठ्ठी माझ्या हातात देऊन कपाटाकडे बघत उभी राहिली. दुसऱ्याने लिहिलं, काहीतरी चांगले द्यावे. गवराबाईंना मी विचारलं की तुमची चिठ्ठी कुठे. त्या म्हणाल्या, त्येंनी लिवली असती वो, त्येंचा जीव लई हाय माझ्यावर, पर मंग ते पुस्तक त्येंचं झालं की. मला माजं मी उचलायचं व्हतं.

आता रागावू नकोस. तू आईला पोथ्या आणून देत होतास, आणि तिने कधी नको म्हटलं नाही. ती तुला नको म्हणणारच नव्हती. घरात तुला सांगितलं असतं तर तू तिच्यासाठी चांगलंच पुस्तक निवडलं असतंस. तिला निवडायचं होतं. एवढीच तिची हौस असावी, आणि ती मुलाजवळ मागून मिळण्यासारखी नव्हती.

मी हे मनचं लिहीत नाही. इथे मोशीच्या कुशाबाई भाजीची पाटी घेऊन येतात. खूप म्हाताऱ्या, पण खणखणीत. माझं आजोळ मोशीचं हे कळल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली, माझी हनुवटी धरून उजेडात तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, तू आमच्या इंद्रीची गं? मी म्हटलं, माझ्या आईचं नाव यशोदा. त्या म्हणाल्या, त्ये सासरचं. आमच्यात ती इंद्रायनी, नदीवरनं ठिवल्यालं नाव. बाप तलाठ्याच्या हाताखाली व्हता, त्यानं अक्षर शिकीवलं, मंग पोरीला येडच लागलं. बाजारातनं शेंगांची पुडी आली की शेंगा आमी खायाच्या नि कागुद तिनं. आंब्यावर चढून वाचायची, हाका मारल्या तरी उतरायची न्हाई.

आईला माहेरचं वेगळं नाव होतं, दादा. आपण दोघांनी तिला कधी विचारलंच नाही. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तिचं स्वतःचं नावही कोणी घेत नव्हतं.

काल यशवंतराव फीत घेऊन आले होते. कॅरमचे दोन बोर्ड आडवे बसतात की उभे, ते बघत होते. मापं घेऊन झाल्यावर चहा घेतला आणि माझ्या हाताला चव आहे असं म्हणाले. मी पुन्हा तेच मागत नाही. तू नाही म्हटलंस, ते मी ऐकलं. फक्त फीत आली होती, हे कळवलं.

तब्येत सांभाळ. माझ्यावर राग असेल तर औषधावर काढू नकोस.

तुझी,
शकू

⁂

पुणे,
२१ सप्टेंबर १९५७

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. आजारी नव्हतो, लिहिता येत नव्हते.

मी ग्रंथपाल झालो त्या वर्षी आई दुपारचा डबा घेऊन वाचनालयात येत असे, हे तुला आठवत असेल. मी कितीदा सांगितले की गडी पाठवतो, तू उन्हात येऊ नकोस. ती ऐकत नसे. डबा खिडकीतून आत द्यायची आणि जाळीला हात लावून थोडा वेळ उभी राहायची. मी मान खाली घालून नोंदी करीत असे, पण ती उभी आहे हे मला कळे. कचेरीतले सोबती चेष्टा करीत, मातोश्री खुर्चीवरच्या चिरंजीवांना डोळे भरून पाहतात. मलाही तसेच वाटे. मी मुद्दाम ताठ बसत असे.

माझी खुर्ची खिडकीच्या उजव्या हाताला होती. आई समोर बघत असे. समोर कपाटे होती.

हे मला परवा, त्याच खुर्चीत बसलो असताना ध्यानात आले. तिथे येण्याला डबा पोचवणे एवढेच निमित्त तिच्याजवळ होते आणि त्याला कोणी नाव विचारीत नव्हते.

सोबत यशवंतरावांच्या नावे पत्र आहे. बायकांना स्वतःच्या नावावर खाते द्यावे, पुढील चैत्रापर्यंत पाहावे आणि मग कायम करावे, असे लिहिले आहे. खिडकीशी नाव न विचारता प्रत्येकीस क्रमांकाचा बिल्ला द्यावा. जाळी मात्र राहू दे. माझे सगळेच एकदम काढून घेऊ नकोस.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात काही बदलेल असे समजू नकोस. इथले मंडळ जुने, मी त्याहून जुना. मी खुर्चीत आहे तोवर इथले नियम आहेत तसेच राहतील. काही माणसांना उशिरा कळते आणि कळूनही त्यांच्या हातून होत नाही.

मधल्या खोलीतले वाळवण मी काढले आहे. खोली झाडून ठेवली आहे. दसऱ्याला तुझे काम राहिले तर मला आनंद होईल, हे मी मनापासून लिहीत आहे. गेले तरी खोली आहे.

तुझा,
दादा

⁂

॥ श्री ॥

पिंपरी,
९ ऑक्टोबर १९५७

ती. स्व. दादास,
शकूचा सा. न. वि. वि.

सोनं म्हणून आपट्याची पानं सोबत घातली आहेत. पोचेपर्यंत चुरा होईल, तरी सोनंच समज.

आधी तुझ्या पत्राविषयी. आई समोर बघत होती, हे खरं असेल. पण दादा, पुस्तकं बघायला तिला दाराशी कोणीही येऊ दिलं असतं, डबा कशाला हवा होता? तो डबा तुझाच होता आणि तुझ्या आवडीची भाजी करून ती तो उन्हातून आणत होती. तू ताठ बसायचास ते तिने नक्की पाहिलेलं आहे. घरी येऊन मला सांगायची, लाकडासारखा बसतो गं, पाठ दुखेल त्याची. तुलाच बघायला यायची ती. जाता जाता पुस्तकंही दिसत, इतकंच. उजवीकडच्या खुर्चीत आता उगाच एकटा बसू नकोस.

सभा झाली. यशवंतरावांनी तुझं पत्र उभं राहून वाचलं. एकाने विचारलं की पुस्तक हरवलं तर बाई भरून देणार का. दाराबाहेरून गवराबाई म्हणाल्या, वसाहतीतनं घागर हारवली तर कोन भरून देतं, ते आधी सांगा, मंग पुस्तकाचं बोलू. मंडळी हसली आणि ठराव झाला. कॅरमवाल्यांना मागची पडवी मिळाली. ते माझ्यावर नाराज आहेत, पण चहाला येतात.

दुसऱ्याच दिवशी बायका आल्या. मी त्यांना त्यांचं नाव विचारलं, आणि काय सांगू, तिथेही त्या अडल्या. लाज म्हणून नव्हे. काहींना आधी सासरचं आठवलं, मग माहेरचं, आणि कुठलं सांगावं याचा विचार करत उभ्या राहिल्या. एकीने तर विचारलं, कंचं बी चालतं का? मी म्हटलं, तुम्हाला हाक मारल्यावर जे ऐकून तुम्ही वळाल ते. गवराबाईंनी स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर थोडं डोंगर चढल्यासारखं वर गेलं आहे. बिल्ला मंगळसूत्राच्या वाटीला लावून बघितला आणि म्हणाल्या, ह्यो बरा, ह्यो बोलत न्हाई.

तू भिंतीवरचे नियम बघायला आलास तर रागावशील, म्हणून आधीच सांगते. जाळी आहे. पण दुपारच्या तासाला मी वीसेक पुस्तकं जाळीबाहेर बाकावर मांडते, आणि ती लेखकाच्या नावाने लावलेली नसतात. बायका लेखक विचारत नाहीत. त्या म्हणतात, मागल्या बारीला रडवलं तसलं द्या, नाहीतर पोर निजेपर्यंत पुरंल एवढं द्या. म्हणून बाकाच्या एका टोकाला रडवणारी आणि दुसऱ्या टोकाला हसवणारी, आणि ठळक टायपातली मधे, कारण ती एकीने वाचून चारजणींनी ऐकायची असतात. पुस्तकांची वर्गवारी आसवांवर, असं तू म्हणशील. म्हण. त्या ओळीतलं पुस्तक उचलताना कोणाला काही विचारावं लागत नाही, हे मात्र बघायला ये.

मधल्या खोलीचं वाचलं. तू खोली झाडलीस. तुझ्या पाठीला वाकणं जमत नाही हे मला माहीत आहे. दादा, मी दिवाळीला येईन, चार दिवस राहीन, लोणचंही चाखीन. पण परत इथे येईन. हे लिहिताना तुझी खोली रिकामी करते आहे असं वाटतं, तरी लिहिते. कुशाबाईंनी मला आता इंद्रीची लेक म्हणून हाक मारायला सुरुवात केली आहे. ती हाक पुण्यात ऐकू येणार नाही.

आता शेवटचं. तू याला नाही म्हणशील हे मला पत्र सुरू करतानाच ठाऊक होतं, म्हणून ते मुद्दाम खाली ठेवलं.

पेठेतल्या वाचनालयात आईचं खातं घाल. नानांच्या खात्याखाली नको, वेगळं. इंद्रायणी या नावाने, तुझ्या हाताने. खिडकीशी कोणी विचारायच्या आत.

गेलेल्या माणसाला सभासद करता येत नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या नियमांत कुटुंबप्रमुखाशिवाय खातं नाही, मंडळ जुनं आहे आणि तू त्याहून जुना आहेस, हेही तूच लिहिलं आहेस. तू कागद पुढे ओढशील, टाक बुडवशील आणि मग थांबशील. मला ते इथून दिसतं.

तरी मागते. ती मागू शकली नाही, म्हणून मागते.

नाही म्हणालास तरी माया आहे तेवढीच राहील, इकडची आणि तिकडचीही.

तुझी,
शकू